तुटलेले ड्रिल काढताना घाई नडते

हळद काढणीच्या हंगामात हिंगोली जिल्ह्यातील यंत्रांना उसंत नसते. वसमत, हिंगोलीच्या बाजारपेठेत माल जाण्यापूर्वी हळद शिजवावी, वाळवावी आणि पॉलिश करावी लागते. अशा वेळी यंत्राचा एखादा बोल्ट तुटला, की तो भाग वर्कशॉपमध्ये पोहोचतो. तुटका बोल्ट पोखरताना ड्रिलही आतच तुटले, तर एका बिघाडाचे दोन होतात. चुकीचा उपाय केल्यास मूळ भागच निकामी होतो आणि नव्या भागाची वाट पाहण्यात हंगामाचे दिवस जातात.

दुसरे ड्रिल का चालत नाही?

सध्याच्या पिळाच्या ड्रिलचे पेटंट अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये घेतले. त्याच्या खाचांतून धातूचा कीस वर येतो. खाचा किसाने भरल्या, धार बोथट झाली किंवा दाब तिरका पडला, की ड्रिल तुटते. हे ड्रिल बहुधा हाय स्पीड स्टीलचे असते. रॉकवेल 'सी' मापावर त्याची कठीणता सुमारे ६२ ते ६५ भरते. साधे लोखंड त्यापेक्षा कितीतरी मऊ असते. त्यामुळे तशाच दुसऱ्या ड्रिलने तुकडा कापला जात नाही. ते घसरून बाजूच्या मऊ धातूत शिरते आणि छिद्र वाकडे होते.

आधी सोपे उपाय

तुकड्यावर हातोडा मारण्याचा मोह प्रथम टाळावा. कठीण पोलाद ठिसूळ असते, त्याची कपची डोळ्यात जाऊ शकते. संरक्षक चष्मा लावूनच काम सुरू करावे. छिद्रातील कीस काढून पातळ तेल सोडावे व ते मुरू द्यावे. टोक वर असेल तर पकडीने धरून घड्याळाच्या उलट दिशेने हलके फिरवावे. छिद्र आरपार असल्यास मागील बाजूने पंचाने हळूहळू ठोकावे. तुकडा जाड असेल तर त्यावर नट वेल्डिंग करून पान्याने उलटा फिरविता येतो.

तुरटीचा उपयोग

भाग ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा असल्यास घरातील तुरटी कामी येते. काचेच्या भांड्यात तुरटीचे दाट, गरम द्रावण करून भाग त्यात बुडवून ठेवतात. आम्लधर्मी द्रावणात पोलाद हळूहळू विरघळते, मूळ धातूला मात्र फारशी इजा होत नाही. यास काही तास, कधी काही दिवसही लागतात. बाहेर पडणारा हायड्रोजन ज्वलनशील असल्याने जागा हवेशीर असावी व जवळ ज्योत नसावी. लोखंडी भागाला हा उपाय करू नये, कारण तोही विरघळू लागतो.

शेवटचा मार्ग

बंद छिद्रात खोल अडकलेला तुकडा यंत्रावर घट्ट बांधून कार्बाइडच्या हत्याराने कापता येतो. हातातील ड्रिल मशिनवर मात्र ठिसूळ कार्बाइडही तुटते. सर्वांत खात्रीचा उपाय विद्युत ठिणग्यांचा, म्हणजे ईडीएम यंत्राचा आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ बोरिस व नतालिया लाझारेन्को या दांपत्याने १९४३ मध्ये ही पद्धत पुढे आणली. ठिणग्यांपुढे धातूच्या कठीणतेचा प्रश्न उरत नाही. तुकड्याचा गाभा झिजवून उरलेल्या कपच्या काढल्या जातात, छिद्र शाबूत राहते. अशी यंत्रे साचे बनविणाऱ्या कारखान्यांत असतात. छत्रपती संभाजीनगरची मोठी औद्योगिक वसाहत हिंगोलीहून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणूनच भाग किती मोलाचा आहे, हे आधी ठरवावे लागते.

तुटू नये म्हणून

सेंटर पंचाने खूण करावी, धारदार ड्रिल वापरावे, पोलादात छिद्र पाडताना तेल सोडावे आणि ड्रिल वारंवार बाहेर काढून कीस झटकावा. ड्रिल पलीकडे निघण्याच्या क्षणी दाब कमी करावा, कारण नेमके तेव्हाच ते अडकते. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू नयेत. ही दोन मिनिटांची दक्षता पुढचे अनेक तास वाचविते.