किंगरी आणि ब्लूज : एक तळटीप

पोंभुर्ण्याच्या झाडीतील किंगरीगायनाला येथे ‘ब्लूज’ म्हटले आहे, ते सैल अर्थाने घ्यावे. ब्लूज ही अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय श्रमिकांची गायनरीत असून, तिच्यात गंधार व निषाद किंचित उतरते लावले जातात आणि तिच्या जुन्या, ग्रामीण प्रकारात बहुधा एकच गायक विजेच्या साहाय्याविना गिटारवर स्वतःची साथ करतो. रॉबर्ट जॉन्सन या ब्लूजगायकाने १९३६-३७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली अशी गाणी १९६१ साली तबकडीच्या रूपाने संग्रहित झाली, तेव्हा त्याच्या मृत्यूला तेवीस वर्षे होऊन गेली होती. किंगरी हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य. मंडला भागात त्याच्याच जातीच्या, घोड्याच्या केसांच्या तीन तारा असलेल्या वाद्याला ‘बाना’ म्हणतात, आणि तेथील परधानांवर शामराव हिवाळे यांचा ग्रंथ १९४६ मध्ये निघाला. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट; किंगरीवर गाणारेही तेच. एकटा गायक, एक वाद्य, लिखित संहिता नाही, एवढे साम्य खरे; परंतु ब्लूजगायक बहुधा ‘मी’चे दुःख गातो, तर परधान यजमान कुळाच्या देवांची व पूर्वजांची कथा गातो, त्यामुळे त्याच्या गाण्यात त्याचे स्वतःचे दुःख शोधू जाणे हा वाचकाचाच आगाऊपणा ठरेल.