यानाचं सोवळं

बेळगावजवळच्या सांबऱ्याला विमानाचं अप्रूप नाही. १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, इथे धावपट्टी झाली. आजही विमानतळाशेजारी वायुदलाचे जवान घडतात. पण याच गावच्या घरात लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला, की आजी कडाडते. बाहेरचं आत गेलं की बुरशी आलीच. अवकाशयानांच्या सोवळ्याचं मूळ याच धाकात आहे.

१९५७ साली स्पुटनिक उडालं आणि अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांना घोर लागला. आपलेच जंतू यानातून मंगळावर गेले, तर पुढे तिथे सापडेल ते मूळचं की आपण नेलेलं, हे ओळखायचं कसं? १९५८ साली स्थापन झालेल्या ‘कोस्पार’ या आंतरराष्ट्रीय समितीने पुढे यासाठी नियम आखले. १९६७च्या अंतराळ कराराच्या नवव्या कलमाने देशांना शब्दात बांधलं. १९७६ साली मंगळावर उतरलेली दोन व्हायकिंग यानं तर उड्डाणाआधी सुमारे ११२ अंश सेल्सियसच्या कोरड्या उष्णतेत तासन्‌तास भाजून काढली होती. काही जंतू कठीण कवचाचे बीजाणू होऊन बसतात, ते नुसत्या पुसण्याने हटत नाहीत.

तरीही सोवळं पुरं पडत नाही. यानं जोडायच्या अतिस्वच्छ खोल्यांत, फ्लोरिडात आणि हजारो किलोमीटर दूरच्या फ्रेंच गयानात, ‘टर्सिकोकस फिनिसिस’ हा एकच नवा जंतू सापडला. बाकीचे धुऊन गेले, उपाशी राहायची सवय असलेला हा टिकला.

मूळचं की नेलेलं, हा पेच आपल्या अंगणातही आला. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००५ साली वरच्या हवेतले जंतू शोधायला हैदराबादहून इस्रोचा फुगा निघाला. प्रवासी विमान सहसा १२ किलोमीटरच्या आसपास चढतं. या फुग्याने २० ते ४१ किलोमीटरांवरची हवा निर्जंतुक पोलादी नळ्यांत भरून आणली. हैदराबाद आणि पुणे इथल्या प्रयोगशाळांनी ती स्वतंत्रपणे तपासली. २००९ साली जिवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. एकीचं नाव ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’, इस्रोवरून ठेवलेलं.

ते अंतराळातून आले का? इस्रोने तसा ठाम दावा केला नाही. सोवळं हा शब्द माणसांमाणसांत भिंती घालून बदनाम झाला, ते योग्यच. यानाचं सोवळं मात्र पुराव्यासाठी असतं. नळ्या स्वच्छ होत्या, म्हणून जंतू वरच्या हवेतलेच, इतकं तरी भरवशाने सांगता आलं. त्यापुढचं पुराव्याअभावी ठामपणे सांगता आलं नाही.