नगरपालिकेतले जोतीराव

जोतीराव फुले म्हटले की आपल्यासमोर मुलींची शाळा येते, सत्यशोधक समाज येतो. पण हेच जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, याची आठवण फार थोड्यांना असते. सभागृहात बसून गावच्या पैशाचा हिशेब पाहणारे, कोणत्या कामाला आधी हात घालावा यावर वाद घालणारे जोतीराव कसे होते, तेवढेच या लेखात पाहायचे आहे.

पुण्याची नगरपालिका १८५७ ची. आज आपण मते देऊन नगरसेवक निवडतो. तेव्हा तसे नव्हते. सभासद सरकार नेमत असे. लोकांनी निवडून दिलेले सभासद आले ते १८८३ पासून. म्हणजे जोतीरावांची जागा सरकारच्या मर्जीने मिळालेली होती. अशा जागेवर बसलेला माणूस सहसा काय करतो, ते तुम्हाला सांगायला नको. अध्यक्षांनी ठराव मांडायचा आणि बाकीच्यांनी मान डोलवायची!

सार्वजनिक सोयींचा विचार मात्र जोतीरावांनी सभासद होण्याच्या आधीच सुरू केला होता. पुण्याला पेशव्यांच्या काळापासून कात्रजच्या तळ्यांचे पाणी नळाने येई आणि पेठापेठांतल्या हौदांत पडे. पाणी गावाचे खरे, पण हौदाला हात लावण्याचा हक्क सगळ्या गावाला नव्हता. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला. सोय बांधून झाली तरी ती कोणापर्यंत पोचते, हा प्रश्न शिल्लक राहतोच. तो त्यांनी पुढेही सोडला नाही.

आता नगरपालिकेतल्या तीन प्रसंगांकडे वळू.

पहिला प्रसंग १८८० चा. पुण्यात दारूच्या दुकानांना परवाने वाढवून देण्याचे चालले होते. जोतीरावांनी नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना लिहून याला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे साधे होते. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करते. मग त्याच लोकांच्या आरोग्याचा आणि संसाराचा नाश करणारी दुकाने गल्लीगल्लीत निघू कशी देते? एका हाताने औषध आणि दुसऱ्या हाताने विष, असा हा कारभार झाला.

दुसरा प्रसंग लॉर्ड लिटन यांच्या स्वागताचा. १८७६ ते १८८० या काळात व्हाइसरॉय असलेले, देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा आणणारे, ते हे लिटन. त्यांच्या पुणेभेटीनिमित्त नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चावेत, असा ठराव आला. जोतीराव म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. सरकारने नेमलेले सभासद होते बत्तीस. त्यांपैकी विरुद्ध मत दिले एकट्या जोतीरावांनी. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण हे एक विरोधी मत आजही स्मरणात आहे. त्या वेळी मान डोलवणाऱ्यांपैकी कितीजणांची नावे आपल्याला सांगता येतील?

तिसरा प्रसंग मंडईचा, आणि तो जरा अवघड आहे. त्या काळी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. त्यासाठी शुक्रवार पेठेत मोठी दगडी इमारत बांधावी, असे ठरले. खर्च लाखांच्या घरातला. जोतीरावांनी आणि त्यांचे सहकारी हरि रावजी चिपळूणकर यांनी याला विरोध केला. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणाकडे वळवावा, हे त्यांचे मत. जोतीरावांचे घराणे फुलांच्या धंद्यातले आणि मांजरीला त्यांची स्वतःची शेती. माळव्याची पाटी बाजारात आणणाऱ्याच्या हाती शेवटी किती उरते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

मंडई व्हायची ती झाली. १८८६ मध्ये ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. पुढे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या अखेरीस, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला तीच आज त्यांच्या नावाने ओळखली जाते! हे पाहून कोणी म्हणेल, मग जोतीराव चुकले. मंडईने पुण्याची मोठी सोय केली, हे खरेच आहे; उन्हापावसात बसणाऱ्या विक्रेत्याला छप्पर मिळाले. पण त्यांचा प्रश्न इमारत चांगली की वाईट, असा नव्हता. हाती पैसा थोडा असताना आधी काय, हा होता. बहुसंख्य मुले अक्षरओळखीवाचून राहिली असताना तो प्रश्न विचारणारा एक तरी सभासद सभेत हवाच होता.

शहराच्या वेशीपाशी त्यांचा विचार थांबला नाही. १८८३ मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात माती, पाणी आणि रान यांविषयी जे म्हटले आहे ते आज वाचताना नवल वाटते. पावसाच्या लोंढ्याबरोबर शेताचे सत्त्व वाहून जाते. म्हणून सरकारने लष्करातल्या व पोलिसांतल्या जादा माणसांकडून ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरेल. तलावातला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. जंगलखात्याने घेतलेली गायराने परत करावीत. कारण चराई गेली की जनावर गेले आणि जनावर गेले की शेणखत गेले. डोंगरावरचे गवत, गोठ्यातली गाय आणि शेतातले कणीस यांची साखळी त्यांनी अशी नीट जोडून दाखवली.

नगरपालिकेतल्या कारकिर्दीत जोतीराव बहुतेक वेळा हरले, असेच म्हणावे लागेल. परंतु १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, अशी मागणी केली. ती मागणी देशाने पुढे कायद्यात उतरवली, २००९ मध्ये. तेव्हा आपल्या गावचे अंदाजपत्रक हाती आले, तर शोभेचा खर्च किती, शाळा-पाणी-आरोग्याचा किती, हे दोन आकडे तुम्ही शेजारी शेजारी मांडून पाहा. आणि एखादा सभासद एकटाच विरुद्ध हात वर करताना दिसला, तर त्याला हसण्यापूर्वी तो काय म्हणतो आहे, ते ऐकून घ्या.