दुसरं ब्रीफ

साल 1924. मुंबई, फोर्ट. तुम्ही एका सॉलिसिटरच्या कचेरीतले कारकून आहात. काळा कोट, डोक्यावर टोपी, काखेत लाल फितीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा. हे ब्रीफ. ते कुणाच्या हाती द्यायचं ते आत साहेबांच्या खोलीत ठरतंय, आणि दाराशी उभं राहून तुम्हाला सगळं ऐकू येतंय.

हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडचा रिवाज तुम्हाला पाठ आहे. पक्षकारानं थेट बॅरिस्टरकडे जायचं नसतं. तो सॉलिसिटरकडे येतो, सॉलिसिटर कागद तयार करतो आणि कोर्टात उभं कोणी राहायचं तेही तोच ठरवतो. बॅरिस्टरनं विलायतेत कितीही नाव काढलेलं असो, सॉलिसिटरचं ब्रीफ आलं नाही तर त्यानं बार लायब्ररीत वर्तमानपत्र वाचत बसायचं. मोठ्या घरचे पुरुषसुद्धा पहिली काही वर्षं असेच बसून असतात. मात्र त्यांचे मामा, सासरे, शाळूसोबती कुठल्या ना कुठल्या कचेरीत असतात. आज ना उद्या कुणाला तरी त्यांची आठवण होते.

आतला पक्षकार खुशीत आहे. त्याची बाजू इतकी भक्कम आहे की कोणीही उभं राहिलं तरी निकाल त्याच्याच बाजूनं लागेल. म्हणून त्याला एक कल्पना सुचली आहे. समोरचा हरणार तर आहेच, मग तो एका बाईच्या हातून हरू दे. पुन्हा वर मान करून हिंडणार नाही.

साहेब बाहेर येतात. ‘‘मिस टाटांना नेऊन द्या.’’

तुम्ही रस्ता ओलांडून हायकोर्टाच्या जिन्यानं वर चढता. ही इमारत 1878 सालची. छपरावर दोन पुतळे आहेत, न्यायाचा आणि दयेचा, आणि दोन्ही स्त्रियांचे. आत मात्र आजवर बाई आली ती पक्षकार म्हणून. इथेच रखमाबाईंचा खटला चालला. नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम 1887 साली त्यांना इथेच मिळाला. त्या खटल्यात दोन्ही बाजूंनी बोलणारे पुरुष, ऐकणारे पुरुष, निकाल देणारेही पुरुष. जिच्या आयुष्याचा निकाल लागत होता ती तेवढी बाई.

मिस टाटा म्हणजे मिठन टाटा. वय पंचविशीतलं, बालपणाची काही वर्षं पुण्याजवळच्या फुलगावात गेलेली. आई हेराबाईंबरोबर त्या 1919 साली लंडनला गेल्या, हिंदुस्थानातल्या बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून बाजू मांडायला. मग तिथेच राहून त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र केलं, आणि इंग्लंडनं कायद्याचा धंदा बायकांना मोकळा केल्यावर लिंकन्स इनमधून 1923च्या जानेवारीत त्या बॅरिस्टर झाल्या. आता त्या भुलाभाई देसाईंच्या चेंबरमध्ये काम शिकताहेत. मुंबई हायकोर्टात वकिली करणारी ही पहिली बाई, त्यामुळे त्या जातील तिथे दारांच्या फटींतून माणसं डोकावतात. तुम्हीसुद्धा आज काम नसताना दोन मिनिटं रेंगाळलात, हे कबूल करा.

तुम्ही ब्रीफ त्यांच्यापुढे ठेवता. त्या फीत सोडतात आणि वाचायला लागतात. ते आपल्याकडे का आलं हे त्यांना कळलं होतं. पुढे त्यांनीच ही हकीकत सांगून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. नकार ओळखायला सोपा असतो. इथे कुणी नकार दिलेला नाही. बाईला काम मिळालंय, फी मिळणार आहे, तिचं नाव कागदावर येणार आहे. तरीही त्या गठ्ठ्याच्या प्रत्येक पानावर लिहिलंय की बाईकडून हरणं ही पुरुषाची बेअब्रू आहे. तिची बुद्धी कुणी विकत घेतलेली नाही. तिचं बाई असणं समोरच्याला मारायला वापरलंय. पहिलं ब्रीफ अशा कारणानं मिळालं तर ते टाकून द्यायचं की घेऊन उत्तम लढवायचं? मिठन टाटांनी ते घेतलं. माझ्या मते त्यांनी बरोबर केलं.

इथून आठ वर्षं मागे चला. 1916, कलकत्ता हायकोर्ट. या वेळी बाई होऊन जा आणि मागच्या बाकावर बसा. समोर पाच न्यायमूर्ती आहेत, मधोमध मुख्य न्यायमूर्ती लॅन्सलॉट सँडरसन. अर्ज रेजिना गुहा यांचा आहे. कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांच्याकडे आहे. प्लीडर म्हणून सनद द्या, एवढंच मागणं. 1879च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अॅक्टमध्ये बायकांना मनाई करणारी एक ओळ नाही. उलट, कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही आल्या असं समजावं, असा सर्वसाधारण नियमच आहे, विषयसंदर्भ आड येत नसेल तर. तुम्हाला वाटतं, झालं काम.

पण न्यायमूर्ती त्या संदर्भालाच धरून बसतात. कायदा झाला तेव्हा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पुरुषच होते, म्हणून त्याचा अर्थ पुरुषांपुरताच. तीन वर्षांपूर्वी विलायतेच्या अपील कोर्टानं ग्वेनेथ बेब यांना सॉलिसिटर होण्यापासून अडवताना असंच म्हटलं होतं: आजवर कुणी बाई या धंद्यात आली नाही, तेव्हा तिला येण्याचा हक्क नाही. हा युक्तिवाद नीट ऐकून घ्या. आधी दार लावून ठेवायचं, आणि मग आत कुणी बाई दिसत नाही याचाच पुरावा करायचा.

त्या पाचांमध्ये आशुतोष मुखर्जीही आहेत. मोठा विद्वान माणूस. 1906 ते 1914 ते याच विद्यापीठाचे कुलगुरू होते. जे विद्यापीठ मुलींना कायद्याच्या परीक्षेला बसवतं, पास करतं, पदवी देतं, त्याचा हा आधारस्तंभ. अर्ज एकमतानं फेटाळला जातो. वाईट माणसांनी केलेला अन्याय समजायला सोपा असतो. मुखर्जींसारखा माणूस, पाठीशी अख्खं ग्रंथालय घेऊन, बाईला दारात थांबवतो तेव्हा पूर्वग्रह शुद्ध कायदेशीर भाषेत बोलत असतो आणि तुम्हाला त्याच्याशी भांडायला शब्द सापडत नाहीत. पाच वर्षांनी पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांचाही अर्ज असाच परत गेला.

आणखी वीस वर्षं मागे. 1896, पुणे. प्लेग अजून शहरात आलेला नाही. कोर्टात गर्दी आहे, खुनाचा खटला आहे, आणि आरोपीच्या वतीनं एक बाई उभी राहिली आहे. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, 1866 सालचा. वडील पारशी घरातून ख्रिस्ती झालेले, आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवणाऱ्या. डेक्कन कॉलेजात कॉर्नेलियांनी पहिला वर्ग मिळवला. त्या निकालावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, पण बाई म्हणून नाकारली गेली. इंग्लंडमधल्या काही मंडळींनी पैसे उभे केले, तेव्हा त्या ऑक्सफर्डला गेल्या. 1892 साली खास परवानगीनं बी.सी.एल.च्या परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या. पदवी नाही मिळाली. ऑक्सफर्ड बायकांना पदव्या द्यायला लागलं ते 1920 साली.

मग पुण्याच्या कोर्टात त्या उभ्या कशा? फौजदारी कायद्यात एक फट आहे: कोर्टानं परवानगी दिली तर वकील नसलेल्या माणसालाही आरोपीची बाजू मांडता येते. म्हणजे ऑक्सफर्डची परीक्षा दिलेली ही बाई कायद्याच्या नजरेत वकील नाहीच, कोर्टाच्या मेहरबानीवर बोलणारी ‘इतर व्यक्ती’ आहे. तुमच्या शेजारचा माणूस कुजबुजतो, ‘‘बाई इंग्रजी झकास बोलते हो!’’ पुराव्याबद्दल ती काय म्हणाली ते त्याच्या कानावर गेलेलंच नाही.

त्यानंतर त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी.ची परीक्षा दिली, अलाहाबाद हायकोर्टाची प्लीडरची परीक्षा दिली. सनद मिळाली नाही. शेवटी 1904 पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे जमीनदारी इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, त्या पडदानशीन जमीनदारणींच्या सल्लागार झाल्या. पुरुष वकिलापुढे येऊ न शकणाऱ्या, दस्तांवर न वाचता अंगठे उठवणाऱ्या या विधवा. कॉर्नेलियाबाई पालखीतून, बैलगाडीतून, होडीतून त्यांच्यापर्यंत पोचत. त्यांचं राजकारण मला पटत नाही. इंग्रजांचं राज्य राहावं अशाच मताच्या त्या शेवटपर्यंत होत्या, गांधींच्या विरोधक होत्या. म्हणून आपण त्यांना पुरेसं आठवत नाही की काय, असं मला वाटतं. तसं असेल तर ते चूक आहे.

1921 साली अलाहाबादनं अखेर त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतलं. 1923 साली लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अॅक्ट आला: केवळ बाई आहे म्हणून कुणालाही सनद नाकारता येणार नाही. रेजिना गुहांच्या अर्जानंतर सात वर्षांनी. कलकत्त्याच्या बारमध्ये कॉर्नेलिया सोराबजी उतरल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली होती.

सनदेचा प्रश्न तिथे संपला. ब्रीफचा तसाच राहिला. सनद देणं न देणं कायद्याच्या हातात असतं. ब्रीफ कुणाला द्यायचं हे चहा पिताना, क्लबात, लग्नाच्या पंगतीत ठरतं. तिथे कुठला कायदा पोचत नाही.

1950चं दशक संपत आलंय. पुन्हा कलकत्ता. बॅरिस्टर सचिन चौधरींच्या चेंबरमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसा. समोर लीला सेठ आहेत. 1958 साली लंडनच्या बारच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या. आजवर कुठलीही बाई तिथे पहिली आली नव्हती. चेंबरमध्ये जागा मागायला त्या आल्या आहेत. चौधरी सांगतात, त्यापेक्षा लग्न करा. त्या म्हणतात, झालंय. मग मूल होऊ द्या. तेही आहे. एकट्या मुलाला बरं वाटत नाही, दुसरं हवं. दुसरंही आहे. यावर चौधरी हरतात आणि त्यांना घेतात.

ही गोष्ट सगळे हसत सांगतात, लीलाबाईही हसतच सांगत. तुम्ही कोपऱ्यात बसून ती ऐकलीत, तर एवढं ध्यानात घ्या की या भेटीत कायद्याचा प्रश्नच निघाला नाही. जी परीक्षा त्या लंडनला पहिल्या येऊन पास झाल्या, तिच्याखेरीज आणखी एक परीक्षा होती, आणि तिचा अभ्यासक्रम स्वयंपाकघराचा आणि पाळण्याचा होता.

पुढची वर्षं भराभर ओलांडू. 1977 साली सुप्रीम कोर्टानं लीला सेठना सीनिअर अॅडव्होकेट केलं. तो मान मिळालेली दुसरी बाई, इंदू मल्होत्रा, 2007 साली. मध्ये तीस वर्षं. मुंबई हायकोर्टाची इमारत 1878ची आणि तिथल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सुजाता मनोहर 1978च्या. बरोबर शंभर वर्षं. सुप्रीम कोर्ट 1950चं, पहिल्या महिला न्यायमूर्ती फातिमा बीवी 1989च्या. ज्येष्ठतेचा क्रम मोडला नाही तर न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना 2027च्या सप्टेंबरात पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, 36 दिवसांसाठी.

आता तुमच्या काळात या. तालुक्याचं कोर्ट, पत्र्याच्या शेडखाली टायपिंगवाले, आवारात चहाची टपरी. आता तुम्ही वकील आहात, सहा वर्षं झाली. सरांच्या ऑफिसात तुमच्या टेबलावर येतात त्या पोटगीच्या फाइली, घटस्फोट, घरगुती हिंसाचाराच्या केसेस. जमिनीचे दावे, खून, खंडणी सरांकडे आणि दोन पुरुष ज्युनिअरांकडे. कारण सांगितलं जातं ते प्रेमानं: बायका बायकांपुढे मोकळ्या होतात, पोलीस ठाण्यात रात्री कुठे जाशील? पक्षकार आत येतो, तुम्हाला बघतो आणि विचारतो, ‘‘वकीलसाहेब कुठायत?’’ तुम्ही काळ्या कोटात, गळ्याला बँड लावून त्याच्यासमोर बसलेल्या असता. पुकारा झाला की सरांचा निरोप ठरलेला, ‘‘तारीख घेऊन टाक.’’

त्या दिवशी मात्र तारीख मिळाली नाही. दिवाणी न्यायाधीशांनी साफ नकार दिला, मनाई अर्जावर आत्ताच बोला म्हणाले. सर जिल्ह्याला गेलेले. फाइल तुम्हीच तयार केली होती. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, सगळं तोंडपाठ. चाळीस मिनिटं तुम्ही बोललात आणि संध्याकाळी मनाई हुकूम मिळाला. पक्षकार सरांच्या पाया पडला.

चार महिन्यांनी तोच माणूस धाकट्या भावाला घेऊन येतो. भावकीत वाटपाचा दावा लावायचाय. सर आतल्या खोलीत आहेत, दार उघडं आहे. तो तुमच्या टेबलापाशी थांबतो, खुर्ची ओढून बसतो आणि म्हणतो, ‘‘मॅडम, ह्या वेळी वकीलपत्र तुमच्याच नावानं करा.’’

मग थोडा घुटमळून विचारतो, ‘‘तुमची फी सरांपेक्षा कमीच असेल ना?’’

सर अशा दाव्याला काय घेतात ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तोच आकडा सांगता. तो भावाकडे बघतो. भाऊ मान हलवतो. तुम्ही वकीलपत्राचा छापील फॉर्म काढून त्याच्यापुढे सरकवता आणि सही कुठे करायची ते दाखवता.