डबा घरचा, बिअर बागेतली

मुंबई-पुण्यातील जुन्या उपाहारगृहांच्या भिंतींवर 'बाहेरील खाद्यपदार्थ आणून खाण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी वाचतच आपण मोठे झालो. जर्मनीतील बव्हेरिया प्रांताची राजधानी असलेल्या म्युनिक शहरात मात्र याच्या नेमकी उलट प्रथा आढळते. तेथील 'बिअरगार्टन'मध्ये, म्हणजे मोठ्या झाडांच्या सावलीत भरणाऱ्या मद्यशाळेत, पेय विकत घ्यायचे ते मालकाकडूनच. पण खाणे घरून डब्यात बांधून नेले तरी कोणी हरकत घेत नाही. किंबहुना ज्या बागेत ही मुभा नाही, तिला खरे बिअरगार्टन म्हणायला जुना म्युनिककर तयार होत नाही. या एका मुभेमुळे शहरातील भाजीबाजार, घरचे स्वयंपाकघर आणि स्थानिक बिअर या तीन गोष्टी एकमेकींशी बांधल्या गेल्या आहेत. स्वयंपाकाची आवड असणाऱ्या कोणालाही म्युनिकचा उन्हाळा हवाहवासा वाटतो, त्याचे कारण हेच.

ही प्रथा पडली कशी, ते पाहण्यासारखे आहे. बव्हेरियातील बिअर ही थंड तापमानात, सावकाश आंबवली जाणारी. शिवाय ती शिजवताना मोठी भट्टी पेटवावी लागे आणि उन्हाळ्यात आग लागण्याचे भय असे. त्यामुळे सोळाव्या शतकापासून सप्टेंबरअखेरीच्या संत मायकेलच्या सणापासून २३ एप्रिलच्या संत जॉर्जच्या सणापर्यंतच बिअर गाळावी, असा दंडक होता. उन्हाळ्याची बेगमी मार्च महिन्यात थोडी कडक बिअर करून होई आणि ती साठवण्यासाठी इझार नदीच्या काठच्या उंचवट्यांत खोल तळघरे खणली जात. तळघर थंड राहावे म्हणून वरच्या जमिनीवर खडी पसरत आणि घोड-चेस्टनटची झाडे लावत. या झाडाची मुळे फार खोल जात नाहीत, त्यामुळे तळघराच्या कमानींना धोका नसे. पाने मात्र रुंद आणि सावली दाट. अशा सावलीत, थेट तळघरातून काढलेली गार बिअर प्यायला लोक जमू लागले, यात नवल ते काय?

नवल वाटले ते शहरातील खाणावळवाल्यांना. आपले गिऱ्हाईक तुटते, अशी तक्रार घेऊन ते राजाकडे गेले. बव्हेरियाचा पहिला राजा माक्सिमिलियान पहिला योझेफ याने ४ जानेवारी १८१२ रोजी तोडगा काढला. बिअर गाळणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्या तळघरावर स्वतःची बिअर किरकोळ विकावी, सोबत पाव द्यावा. अन्य खाद्यपदार्थ किंवा दुसरे कोणतेही पेय देण्यास मात्र त्यांना स्पष्ट मनाई. पाव तेवढा मिळणार म्हटल्यावर लोकांनी चीज, मुळा, मांसाचे काप घरून आणण्यास सुरुवात केली. खाद्यपदार्थ विकण्यावरील बंदी पुढे उठली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्ल फोन लिंडे याचे शीतकरण यंत्र म्युनिकच्या श्पाटेन बिअर कारखान्यात आले आणि तळघरांचीही गरज संपली. डबा तेवढा टिकून राहिला.

या डब्याला बव्हेरियन भाषेत 'ब्रोट्सायट' म्हणतात. शब्दशः अर्थ 'पावाची वेळ', भावार्थ आपल्या न्याहारीच्या जवळचा, मात्र ती संध्याकाळीही चालते. तिची सामग्री घ्यायची तर सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे शहराच्या मध्यभागातील 'व्हिक्टुआलिएनमार्क्ट'. व्हिक्टुआलिएन म्हणजे खाद्यजिन्नस. शब्द लॅटिनमधून आलेला. आज ज्याला मारिएनप्लाट्झ म्हणतात त्या मुख्य चौकात पूर्वी बाजार भरे. जागा अपुरी पडू लागल्यावर याच राजाने १८०७ मध्ये हुकूम काढून बाजाराचा मोठा भाग जवळच्याच हायलिगगाइस्ट चर्चलगतच्या जागेत हलवला. दुसऱ्या महायुद्धात त्याची मोठी हानी झाली. इतकी मोक्याची जमीन भाजीवाल्यांना कशाला, तेथे उंच इमारती बांधाव्यात, असाही विचार त्यानंतर पुढे आला होता. शहराने तो मान्य केला नाही. आज सुमारे १४० दुकाने आणि गाळे येथे आहेत. मधोमध निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उंच 'मे-स्तंभ' उभा आहे आणि कार्ल व्हालेंटिन, लीझल कार्लश्टाट अशा लोकप्रिय स्थानिक विनोदी कलावंतांच्या स्मरणार्थ कारंजी बांधलेली आहेत. भाजीबाजारात नटांची स्मारके उभारणारे शहर रसिकच म्हणायचे.

मंडईत वाढलेल्या माणसाला येथे पहिला धडा मिळतो तो हात आवरण्याचा. भेंडी मोडून पाहणे, टोमॅटो दाबून पाहणे येथे शिष्टसंमत नाही. काय हवे ते विक्रेत्याला सांगायचे. वस्तू निवडून देण्याचे काम त्याचे. सुरुवातीला हे जाचक वाटते. पण चीजच्या दुकानात 'कधी खाणार आहात?' असा प्रश्न आला, आणि आज संध्याकाळी असे सांगितल्यावर अगदी पिकलेला, दोन दिवसांनी असे सांगितल्यावर थोडा कच्चा तुकडा मिळाला, की या पद्धतीचा फायदा कळतो. भाव मात्र चढे असतात. रोजच्या भाजीसाठी सामान्य म्युनिककर येथे येत नाही. तो मोहल्ल्यातील आठवडी बाजारात किंवा सुपरमार्केटात जातो. व्हिक्टुआलिएनमार्क्ट हा प्रवाशांचा बाजार झाला आहे, ही कुरकुर त्यामुळे ऐकू येते आणि ती अगदीच निराधार नाही. तरीही ऋतूची खूण पाहायची तर याच गाळ्यांवर पाहावी.

वसंतात रानलसणाची पाने येतात. त्यांचा वास लसणाचा, रूप हळदीच्या कोवळ्या पानासारखे. मागोमाग पांढरे श्पार्गेल, म्हणजे शतावरीच्या जातीतील भाजीचे कोंब. म्युनिकच्या उत्तरेकडील श्रोबेनहाउझेन परिसर त्यांसाठी विशेष प्रसिद्ध आहे. कोंबांवर मातीचा उंच वाफा चढवून त्यांना ऊन लागू देत नाहीत, म्हणून ते पांढरे राहतात. घरी त्यांची साल काढावी लागते. जाणत्या गृहिणी ती साल टाकत नाहीत, पाण्यात उकळून तिचे सार करतात. हा हंगाम २४ जूनला, संत जॉनच्या दिवशी, संपतो. नंतरही जमिनीत कोंब असतात. पण पुढच्या वर्षासाठी झाडाने बळ धरावे म्हणून काढणी थांबवतात. उन्हाळा सरताना पिवळी रानअळंबी येतात.

ब्रोट्सायटचा मानकरी मात्र मुळाच. बव्हेरियन लोक त्याला 'राडी' म्हणतात. आपल्याकडे मुळा कोशिंबिरीत किंवा भाजीत जातो आणि उग्र वासामुळे घरातली निम्मी माणसे नाक मुरडतात. येथे त्याला बिअरचा जोडीदार म्हणून मान आहे. लांब पांढरा मुळा एका छोट्या पात्याने गोल गोल असा कापतात की त्याची अखंड सर्पिल माळ तयार होते. ती हलकेच ताणून मधे मीठ भुरभुरायचे आणि थोडा वेळ थांबायचे. मिठाने पाणी सुटले की 'राडी रडला' असे म्हणतात. रडल्याशिवाय तो खायचा नाही, कारण त्या पाण्याबरोबर त्याचा उग्रपणाही उतरतो. सोबत लोण्याचा पाव.

दुसरा अटळ पदार्थ 'ओबाट्सडा'. नावाचा अर्थ 'कालवलेले' आणि कृतीही तेवढीच. अति पिकून वाहू लागलेले चीज वाया जाऊ नये म्हणून निघालेली ही युक्ती. म्युनिकजवळच्या फ्रायझिंग गावातील वाइएनश्टेफान येथील मद्यशाळेच्या चालक काथारिना आयझेनराइख यांनी १९२० च्या दशकात तो आपल्या पाहुण्यांपुढे ठेवला आणि लोकप्रिय केला, असे सांगतात. २०१५ पासून त्याला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. घरी करायचा असल्यास २०० ग्रॅम चांगले पिकलेले कामांबेर चीज आणि ५० ग्रॅम लोणी दोन तास बाहेर ठेवून मऊ होऊ द्यावे. मग काट्याने कुस्करून त्यात अर्धा चमचा गोडसर लाल मिरचीपूड (काश्मिरी चालते), पाव चमचा भरडलेले कॅरावे, चवीपुरते मीठ, मिरपूड आणि दोन चमचे बिअर घालावी. कॅरावेला आपल्याकडे विलायती जिरे म्हणतात. साधे जिरे वापरल्यास चव निराळीच होते. मिश्रण गुळगुळीत करू नये, चीजच्या गुठळ्या राहिल्या पाहिजेत. कांदा मात्र अगदी खाण्याच्या वेळी वर घालावा. आधी मिसळून ठेवल्यास तो कडवट होतो आणि सगळा डबा वाया जातो. प्रस्तुत लेखकाने हा धडा एकदा डबा फुकट घालवूनच घेतला आहे.

या दोहोंसोबत बटाट्याचे सॅलड असते. उत्तर जर्मनीत त्यात अंड्याचे मेयोनेझ घालतात. बव्हेरियात ते गरम सूप, व्हिनेगर, तेल आणि मोहरीची पेस्ट घालून करतात. बटाटे गरम असतानाच कापावे लागतात, तरच ते सूप शोषून घेतात. 'लेबरकेझ' या पदार्थाच्या नावात यकृत आणि चीज दोन्ही आहेत, पण बव्हेरियन लेबरकेझमध्ये दोहोंपैकी काहीच नसते. तो मांसाच्या बारीक वाटणाचा भाजलेला ठोकळा. शाकाहारी वाचकांनी निराश होऊ नये. मुळा, चीज, बारीक चिरलेल्या कांदापातीसारख्या चाइव्हज पसरलेला लोणी-पाव आणि क्षाराच्या पाण्यात बुडवून भाजलेली खारी, तपकिरी 'ब्रेझ्न' एवढ्यावर बव्हेरियन माणसाचीही संध्याकाळ छान जाते. बटाट्याच्या सॅलडचे सूप मात्र बहुधा मांसाचे असते, ते विचारून घ्यावे.

आता बिअर. १५१६ साली इंगोलश्टाट येथे बव्हेरियाच्या ड्यूकांनी बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असा कायदा केला, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. त्याच कायद्यात बिअरचे कमाल भावही ठरवून दिले होते, हे फारसे सांगितले जात नाही. ग्राहकाच्या दृष्टीने तो भावनियंत्रणाचाही कायदा होता. यीस्टचा त्यात उल्लेख नाही. शहरातील सहा मोठ्या कारखान्यांपैकी औगुस्टिनरचा बहुतांश ताबा एका धर्मादाय न्यासाकडे आणि होफब्रॉय सरकारी मालकीचे आहे. श्पाटेन व लोएवेनब्रॉय बहुराष्ट्रीय समूहाकडे गेले आहेत. पाउलानर व हाकर-प्शोर एकाच समूहात आहेत. 'म्युनिकची बिअर' हे नाव मात्र शहराच्या हद्दीत गाळलेल्या बिअरलाच लावता येते. व्हिक्टुआलिएनमार्क्टच्या मधोमध असलेल्या बिअरगार्टनमध्ये या सहांची बिअर काही आठवड्यांच्या अंतराने पाळीपाळीने मिळते, म्हणजे कोणा एकाची मक्तेदारी नाही. बाजारातून चीज-पाव घ्यावा आणि तेथेच बाकावर बसून खावा, अशी सोय येथे आहे.

रोजच्या पिण्यात फिकी सोनेरी 'हेलेस' असते. स्वयंपाकघरात मात्र गडद बिअर अधिक उपयोगी. भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या रश्शाला ती खमंग, किंचित गोडसर चव देते आणि त्या रश्शात बुडवायला शिळ्या पावाचे उकडलेले गोळे असतात. शिळी पोळी फोडणीला टाकणाऱ्या घरात हा पदार्थ परका वाटू नये.

हे सगळे सुखाने चालले होते असे मात्र नाही. १९९० च्या दशकात शहराच्या दक्षिणेकडील एका मोठ्या बिअरगार्टनच्या शेजाऱ्यांनी गोंगाटाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि ते रात्री साडेनऊला बंद करण्याची वेळ आली. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात साडेनऊ म्हणजे जेमतेम संध्याकाळ. १२ मे १९९५ रोजी वीस हजारांहून अधिक लोक मारिएनप्लाट्झवर जमले. वृत्तपत्रांनी या निदर्शनांना 'बिअरगार्टन क्रांती' म्हटले. थट्टेचा भाग सोडला, तरी प्रश्न खरा होता. शेजाऱ्याच्या झोपेचा हक्क आणि लहान घरात राहणाऱ्या माणसाचा मोकळ्यावर बसून जेवण्याचा हक्क, यांत कोणता मोठा? प्रांतिक सरकारने त्याच वर्षी नियमावली केली, ती न्यायालयात टिकली नाही, आणि १९९९ मध्ये नवी आली. तीनुसार संगीत रात्री दहाला थांबते, बिअर व खाणे देणे साडेदहाला बंद होते आणि अकराला शेवटचे वाहन निघालेले असावे लागते. ही सवलत कोणत्या बागेला, हे सांगताना नियमावलीच्या स्पष्टीकरणात दोन लक्षणे दिली आहेत. पहिले, बागेचे स्वरूप. दुसरे, स्वतःचे खाणे आणून फुकट बसण्याची मुभा. खाणावळवाल्यांच्या तक्रारीतून जन्मलेली सवय अशा रीतीने सुमारे १८७ वर्षांनी सरकारी कागदावर आली. बागमालकाचा तोटा होत नाही काय? काही प्रमाणात होतोच. तो बिअरच्या दरात भरून निघतो, हे एक लिटरच्या 'मास' पेल्याचे पैसे मोजताना लक्षात येते.

बागेत गेल्यावर एवढे पाहावे की टेबलावर कापड अंथरलेले आहे काय. असल्यास तेथे वाढपी येतो आणि डबा चालत नाही. उघड्या लाकडी टेबलांवर मात्र खुशाल बसावे. कापड आपले आपण अंथरावे. अनोळखी माणसांच्या टेबलावर जागा मागण्यात संकोच नसतो. मुळ्याच्या कापांची अशा वेळी देवाणघेवाणही होते. पेल्याची अनामत रक्कम घेतात, पेला परत केल्यावर ती मिळते. एक लिटर जड वाटत असेल तर अर्धी बिअर आणि अर्धे लिंबू-पेय असलेले 'राडलर' मागावे. बाजार सोमवार ते शनिवार उघडा असतो, रविवारी बंद. तेव्हा रविवारच्या बागेसाठी मुळा आणि चीज शनिवारीच आणून ठेवावे. कांदा मात्र अख्खा न्यावा. सोबत सुरी, लाकडी फळी आणि मिठाची डबी.