पन्नास पैशांच्या आतली पलटण

माझ्या टेबलाच्या खणात पोस्टकार्डांचा एक गठ्ठा आहे. सुतळीनं बांधलेला. शंभरावर कार्डं असतील. सगळी इंदापूरहून आलेली, एकाच हातानं लिहिलेली आणि सगळ्यांचा विषय एकच : येत्या आठवड्यात कबड्डीतली आपली पुणेरी पलटण जिंकणार की हरणार. लिहिणारे माझे मामू, आईचे धाकटे भाऊ. महसूल खात्यात कोतवाल म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. मी बारामतीचा. इंदापूर काही परदेश नाही. भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी करत एसटी नेऊन सोडते. घरात फोनही आहे. तरी मामू कार्डच टाकतात. कारण विचारलं तर म्हणतात, "फोनवर बोललेलं माणूस उद्या नाकबूल करतो. कार्डावर पोस्टाचा शिक्का असतो."

मी कवितेचा माणूस. बी. ए.ला इतिहास होता, एवढाच माझा इतिहासाशी संबंध. पण एका हरणाऱ्या संघाचा आणि त्याच्या एका चाहत्याचा इतिहास लिहायचा तर याहून अस्सल कागदपत्रं मला कुठं मिळणार? तेव्हा आज या गठ्ठ्याविषयी बोलतो.

प्रो कबड्डी लीग सुरू झाली २६ जुलै २०१४ला, मुंबईत. तोवर कबड्डीपटूला नशिबानं साथ दिली तर रेल्वेत, बँकेत किंवा पोलिसांत नोकरी मिळायची. त्या वर्षी पहिल्यांदा खेळाडूंचा लिलाव झाला आणि सर्वांत मोठी बोली लागली १२ लाख ८० हजारांची, राकेश कुमारवर. आमच्या लहानपणी राखेनं आखलेल्या मैदानावर, गुडघे सोलून घेत जो हुतूतू खेळला गेला, तो टीव्हीवर निळ्या-पिवळ्या मॅटवर दिसायला लागला. आठ संघ होते. त्यातला एक पुण्याचा. आता पुण्याचा म्हणजे आपला, हे बारामती-इंदापूरकरांना कुणी सांगावं लागत नाही. मामूंनी त्याच आठवड्यात पहिलं कार्ड टाकलं.

मामू घरात दखनी बोलतात, पण लिहितात मराठी, तीही तलाठी कार्यालयातली. पहिल्या मोसमातलं एक कार्ड असं आहे : "सदरहू संघाची चढाई समाधानकारक नाही. मधली फळी उजवीकडे उघडी पडते. सबब ३५ पैसे. हरेल. सातच्या आत हरल्यास समाधान मानावे. कळावे."

यातले दोन शब्द समजावून सांगायला हवेत, 'पैसे' आणि 'सातच्या आत'.

पैसे म्हणजे पैज नव्हे. आपल्याकडे अंदाज म्हटलं की लोकांना आधी आकडा आठवतो. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या भावांवर आकडा लागायचा, त्याचा पुढं मटका झाला. मामू त्या वाटेला कधी गेले नाहीत. त्यांचे पैसे हे पैसेवारीतले. पीक सोळा आणे आलं तर भरपूर, चार आणे आलं तर बुडालं, ही आणेवारी. इंग्रजांच्या काळात चार आणे किंवा त्याहून कमी पीक असेल तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब व्हावी असा नियम होता, आणि १९१८चा गांधीजींचा खेडा सत्याग्रह याच आण्यांच्या भांडणातून उभा राहिला. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत आहे, सरकार म्हणे वर आहे. आण्याचे पैसे झाले, पण भांडण तेच राहिलं. आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम अशी तीनदा पैसेवारी निघते. आकडा पन्नासच्या आत आला की टंचाईच्या सवलती, वर गेला की काही नाही. कित्येक वर्षं आमच्या जिराईत गावांचं नशीब त्या पन्नासाच्या रेघेवर लटकत होतं. मामू पलटणीलाही त्याच मापानं मोजतात. पन्नासच्या वर असेल तर जिंकेल, आत असेल तर हरेल. आणि पोस्टकार्डाची किंमतही पन्नास पैसेच, हा आपला योगायोग.

आता 'सातच्या आत'. लीगचा सुरुवातीपासूनचा नियम असा होता की जिंकणाऱ्याला पाच गुण, बरोबरी झाली तर तीन-तीन, आणि सात किंवा कमी गुणांनी हरलात तर हरूनही एक गुण. मला हा नियम फार आवडायचा. हरणाऱ्यालाही शेवटच्या मिनिटापर्यंत काहीतरी वाचवायला उरायचं. बारा गुणांनी मागे पडलेला संघ पाच गुण भरून काढण्यासाठी जीव टाकतो, आणि त्याचा चाहता त्या एका गुणासाठी टीव्हीसमोरून उठत नाही. मामू प्रत्येक पराभवापुढं 'सातच्या आत' किंवा 'सातच्या बाहेर' लिहायचेच.

विजयाच्या अंदाजापुढं ते 'इन्शाल्ला' लिहितात. पराभवापुढं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "हारने के वास्ते अल्लाको कायको तकलीफ देना?"

पहिल्या मोसमात पलटण आठात आठवी आली. २०१५ला, दुसऱ्या मोसमात, पुन्हा आठवी. वर यू मुम्बा विजेती, म्हणजे जखमेवर मीठ. ते साल पावसानंही दगा दिलेलं. रानात ढेकळं आणि टीव्हीवर पलटण, दोन्हीकडं बघवत नव्हतं. त्या ऑगस्टमधली कार्डं मी परवा पुन्हा काढून पाहिली. तीस पैसे, अठ्ठावीस पैसे, तीस पैसे. मला तेव्हा राग यायचा. मी फोन करून म्हणालो, "मामू, तुम्ही चाहते आहात की पंच? एकदा तरी जिंकेल म्हणून लिहा. तुमच्या खिशातलं काय जातं?" त्यावर त्यांनी मला बहात्तर सालची गोष्ट सांगितली. तोवर आईलाही ती माहीत नव्हती.

१९७२. मामू बावीस वर्षांचे, नुकतेच कामाला लागलेले. एका गावात, नाव घेत नाही, पीक बघायला मंडळी गेली. ऊन मी म्हणत होतं. कुणीतरी विचारलं, कुठल्या बाजूनं जायचं? मामूंनी वाट दाखवली. काटे कमी, सावली बरी, अशी. ती वाट नेमकी एका विहिरीखालच्या रानाला जाऊन मिळत होती. तिथं ज्वारी हिरवी उभी. तेवढंच बघून सगळे परतले आणि कागदावर गावाची आणेवारी चढली. पलीकडच्या माळावर कणीससुद्धा धरलं नव्हतं. पुढं ती चूक दुरुस्त झाली, पण व्हायला वेळ लागला. तोपर्यंत त्या गावची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि कागदावर त्यांचं पीक बरं होतं.

"कुणी खोटं लिहिलं नव्हतं," मामू म्हणाले. "जायला सोपं होतं तिकडचं पीक बघितलं, इतकंच. वाट मी दाखवली होती."

म्हणून त्यांची पद्धत अशी : आधी मनाला येईल तो आकडा धरायचा, मग त्यातून पाच पैसे वजा करायचे. ते पाच पैसे प्रेमाचे. पीक-कापणी प्रयोगात कसं, शेत चिठ्ठीनं निवडतात, ठरावीक मापाचा तुकडा आखतात, कापून, मळून, वजन करतात. कुणाला आवडीचं रान दाखवता येत नाही. मामूही चढाईपटूची उडी बघून भुलत नाहीत. प्रत्येक सामन्याची शेवटची पाच मिनिटं बघतात. तीनच गडी उरले असताना पकड होते का, तिसऱ्या चढाईला, जी मारायची किंवा मरायची असते, कोण पुढं येतो, हे बघतात. सगळ्या चाहत्यांना हे जमत नाही. मला तर नाहीच.

जगात याच्या उलटही झालेलं आहे. इंग्लंडमध्ये १९२३पासून लिव्हरपूलच्या लिटलवुड्सनं फुटबॉलच्या निकालांची कूपनं चालवली. लाखो लोक दर आठवड्याला सामन्यांचे अंदाज भरून पाठवत. १९६२-६३च्या हिवाळ्यात इतका बर्फ पडला की आठवड्यामागून आठवडे सामनेच होईनात. मग जानेवारी १९६३मध्ये जुन्या खेळाडूंची एक समिती बसवली. न झालेल्या सामन्यात कोण जिंकलं असतं, हे तिनं ठरवायचं, आणि कूपनापुरता तोच निकाल. मामूंना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे बांधावरही न जाता आणेवारी."

पलटणीचे दिवस थोडे पालटले. २०१६मध्ये मनजीत छिल्लर कर्णधार असताना दोन्ही मोसमांत तिसरा क्रमांक मिळाला आणि कार्डांवर साठ-पासष्ट पैसे दिसू लागले. पुढं संघ बारा झाले, मोसम लांबला आणि आमची गाडी पुन्हा घसरली. २०१९ला अनुपकुमारसारखा नावाजलेला माणूस प्रशिक्षक असूनही संघ दहावा.

त्याच वर्षी पुण्याचा फुटबॉल संघ बंद पडला. पलटणीबरोबरच २०१४ला सुरू झालेली एफसी पुणे सिटी. २०१७-१८च्या मोसमात उपांत्य फेरीपर्यंत गेलेली, आणि २०१९ला तिची जागा हैदराबादच्या संघानं घेतली. त्याआधी २००७चा पुणे एफसी, आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचूनही २०१५ला गुंडाळला गेला होता. त्या आठवड्यातल्या कार्डावर पैसे कमी आणि मजकूर जास्त आहे : "पीक बुडाले तर पुढील सालीं पेरता येते. शेतच विकले तर काय करावे? पलटण ३८. हरेल. तरी चालू राहावी."

हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला पराभवाची भीती वाटत नाही, त्याची सवय होते. त्याला भीती वाटते ती पुढच्या साली अंदाज करायला संघच नसेल याची. हे मला त्या कार्डानं शिकवलं.

२०२०ला महामारीमुळं लीगच झाली नाही. २०२१च्या डिसेंबरात बंगळूरच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना, सामने सुरू झाले आणि पलटणीत दोन नवी पोरं चमकली, अस्लम इनामदार आणि मोहित गोयत. अस्लम नगर जिल्ह्यातला. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर. आमच्या घरात त्याच्या नावानं जरा जास्त आनंद झाला हे कबूल करतो. मामूंनी मात्र त्या मोसमात पाचाऐवजी सात पैसे वजा केले. का, ते वेगळं सांगायला नको.

२०२२ला पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत गेली. १७ डिसेंबर, मुंबई, समोर जयपूर. अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीमुळं बाहेर. मामूंचं कार्ड : "४४ पैसे. हरेल. सातच्या आत." पलटण २९-३३ अशी हरली. चार गुणांनी. मी मूर्खासारखा फोन केला, "मामू, तंतोतंत!" त्यांनी काही न बोलता फोन ठेवला. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

मग आला २०२३-२४चा मोसम. इराणच्या शादलूला पलटणीनं दोन कोटी पस्तीस लाखांना घेतलं. अस्लम कर्णधार, बी. सी. रमेश प्रशिक्षक. साखळीतल्या बावीस सामन्यांत फक्त दोन पराभव. प्रेमाचे पैसे वजा जाऊनही कार्डांवर ऐंशी, ब्याऐंशी. माझ्या गठ्ठ्यात असे आकडे पहिल्यांदाच. अंतिम सामना १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये, हरियाणाशी. मी टपालाची वाट बघत होतो. कार्ड आलंच नाही. पहिलं डाव संपता संपता पंकज मोहितेनं एका चढाईत चार गडी टिपले, आणि पलटण २८-२५नं जिंकली. दहा वर्षांनी विजेती. रात्री मीच फोन केला. पलीकडून फटाक्यांचे आवाज येत होते. कार्ड का नाही टाकलं म्हणून विचारलं. मामू म्हणाले, "दोनदा लिहून फाडलं. वजा किती करायचे तेच कळेना."

पुढच्याच मोसमात शादलू हरियाणाकडं गेला, अस्लमचा गुडघा दुखावला आणि पलटण बाद फेरीतही पोचली नाही. कार्डं पुन्हा चाळिशीत. २०२५ला लीगनं गुणांचा नियम बदलला. जिंकला तर दोन, हरला तर शून्य. सातच्या आत हरण्याचा तो एक गुण गेला. मामू लिहितात : "नवीन नियमान्वये हरणाऱ्यास काही नाही. सबब सदरचा रकाना बंद." त्या मोसमातल्या कार्डांवर तिथं नुसती रेघ आहे.

त्या मोसमात पलटण साखळीत अव्वल ठरली आणि तिसऱ्यांदा अंतिम फेरीत गेली. ३१ ऑक्टोबर २०२५, दिल्ली, समोर दिल्लीचाच संघ. त्यात फझल अत्राचली, जो २०२२ला आमचा कर्णधार होता. पलटण २८-३१ अशी हरली. तीन गुणांनी. जुना नियम असता तर मामूंनी सातच्या आतलं समाधान तरी मानलं असतं.

त्या सामन्याचं कार्ड मला निकालानंतर चौथ्या दिवशी मिळालं. शिक्का ३० ऑक्टोबरचा आहे. अक्षर थोडं हललंय, पंचाहत्तरी आली आता. "पलटण ५१ पैसे. जिंकेल, इन्शाल्ला." आणि खाली, पत्त्याच्या रेघेला चिकटून, बारीक अक्षरात : "सदर अंदाजातून काहीही वजा केलेले नाही."