तेरा धावा आणि ओटीवरचा वाद

गेल्या महिन्यात शनिवार-रविवारला सोमवारची एक रजा जोडली आणि घरी, थळला जाऊन आलो. (पुण्याहून निघाल्यावर वडखळ नाका पार होईपर्यंत आपण सुट्टीवर आहोत असं वाटतच नाही, हे माझं नेहमीचं रडगाणं. असो.) संध्याकाळी ओहोटी होती, समोर खांदेरी-उंदेरी, आणि ओल्या वाळूत गावच्या टीमची टेनिस बॉलची प्रॅक्टिस चाललेली. आमच्याकडे प्रॅक्टिस कधी हे कॅप्टन नाही, भरती ठरवते.

प्रॅक्टिस संपल्यावर उलट्या घातलेल्या होडीपाशी मीटिंग बसली. विषय एकच. एकोणीस वर्षांचा एक पोरगा, चार टूर्नामेंट झाल्या, एकीतही धड खेळला नाही. मागच्या सीझनला यानेच फायनल काढून दिली होती. अर्धे म्हणत होते बसवा त्याला, बाकीचे पण पोरं आहेत. अर्धे म्हणत होते अजून एक चान्स. पोरगा थोडा लांब उभा राहून बॅटच्या टोकाने वाळू उकरत होता. मग कुणीतरी हुकमाचं पान टाकलं, "अरे, रोहितला पण लोक असंच बोलायचे!" आणि वाद संपला. या वाक्यावर कुणाकडे उत्तर नसतं.

मंडळी, हे वाक्य मी गेल्या दहा वर्षांत ऑफिसात, लग्नात, क्रिकेटशी काहीही संबंध नसलेल्या अप्रेझलच्या मीटिंगमध्येसुद्धा ऐकलंय. मला ते खटकतं. कारण तो वाद चालू होता तेव्हा मी त्यात होतो, आणि विरुद्ध बाजूला होतो.

तारीख सांगतो, २८ जुलै २०१२, शनिवार. मी आदल्या रात्री पुण्याहून घरी आलो होतो. नारळी पौर्णिमा पाच दिवसांवर आलेली, त्यामुळे होड्या वरती आणि माणसं मोकळी. आमच्या ओटीवर काका, आजोबा, कोळीवाड्यातले एक नाखवा (त्यांना सगळं गाव नुसतं नाखवा म्हणतं, मीही म्हणतो) आणि आम्ही तीन-चार पोरं. पाऊस धो धो. कोलंबोला श्रीलंकेविरुद्ध तिसरी वनडे. पहिल्या मॅचला रोहितच्या ५, दुसरीला ०. त्या दिवशी लाईट दोनदा गेली, आणि दुसऱ्यांदा आली तोवर रोहित येऊन गेलेला होता. परत शून्य. गंभीरच्या शतकामुळे आणि रैनामुळे आपण जिंकलो खरे, पण ओटीवर जिंकल्याचं कुणाला काही पडलं नव्हतं. पुढच्या दोन मॅचेसमध्ये ४ आणि ४. पाच डावांत मिळून तेरा धावा! त्या वर्षी वनडेत त्याची सरासरी तेराच्याही खाली होती.

आता हे वय वर्षं वीसच्या वाचकांना समजावून सांगावं लागेल. तुम्हाला २६४ वाला रोहित माहीत आहे, २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये कप उचलणारा माहीत आहे, वानखेडेवर ज्याच्या नावाचा स्टँड आहे तो माहीत आहे. आम्हाला माहीत होता तो 'टॅलेंट' नावाचा एक राष्ट्रीय विनोद. नोहिट शर्मा. दोन मिनिटांत तयार होणाऱ्या मॅगीचे जोक. फेसबुक तेव्हा नव्याने गावोगावी पोचलं होतं आणि बहुतेक हे जोक फॉरवर्ड करण्यासाठीच पोचलं होतं.

पण चिडचीड एवढी का होती? नुसता वाईट खेळणारा असता तर कुणी चिडलंच नसतं. लोकांनी आधी पाहून ठेवलं होतं ना! सप्टेंबर २००७, डर्बन, पहिला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. दक्षिण आफ्रिकेसमोर आपले ६१ वर ४ गेलेले आणि वीस वर्षांचा हा मुलगा नाबाद ५० करून जातो. चार दिवसांनी फायनलमध्ये १६ बॉलमध्ये नाबाद ३०. मार्च २००८ मध्ये सिडनीला, तिरंगी मालिकेच्या पहिल्या फायनलमध्ये, तेंडुलकर एका बाजूला नाबाद ११७ आणि हा दुसऱ्या बाजूला ६६, आणि घाई दोघांनाही नाही. बोरिवलीत काका-आजोबांकडे वाढलेला, दिनेश लाडसरांनी ऑफस्पिनर म्हणून हेरलेला आणि मग बॅट्समन केलेला पोरगा. मुंबईच्या आसपासच्या आमच्यासारख्यांना तर तो घरातलाच वाटायचा.

आणि मग काय झालं तर काहीच झालं नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये नागपूर टेस्टला लक्ष्मण अनफिट, रोहितचं पदार्पण नक्की, आणि सकाळी वॉर्मअपला फुटबॉल खेळताना याचा घोटा मुरगळला! साहा खेळला. (क्रिकेटपटूंनी फुटबॉल का खेळावं यावर एक वेगळा वीकएंड घालवता येईल.) मे महिन्यात बुलावायोला झिंबाब्वे आणि श्रीलंकेविरुद्ध तीन दिवसांत दोन शतकं. वाटलं, आला! तर २०११ च्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये नाव नाही. २ एप्रिलला वानखेडेवर अख्खा देश नाचत होता तेव्हा हा मुंबईचा मुलगा टीमच्या बाहेर होता. त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये मॅन ऑफ द सीरिज, आणि पुढच्या वर्षी ते तेरा. म्हणजे आलेख काढलात तर तो पडत नव्हता, हिसके देत होता. जेव्हा जेव्हा काढायची वेळ यायची तेव्हा हा एक अशी खेळी करून जायचा की काढणाऱ्याचा हात थरथरावा.

तर त्या ओटीवर काका ठेवा-पार्टीत, मी काढा-पार्टीत. माझा मुद्दा साधा होता: मनोज तिवारी. डिसेंबर २०११, चेन्नई, वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०४. त्यानंतर तो किती महिने खेळला नाही, माहितीये? सात. शतक मारलेला माणूस बाहेर बसून पाणी नेतोय आणि शून्यवाला खेळतोय, हा कुठला न्याय? काका म्हणाले, "तू आकडे बघतोस, मी बॅट बघतो." मी म्हणालो, "काका, बॅटवर रन्स लिहिलेले नसतात, ते स्कोअरबोर्डवर असतात." (तेव्हा मला हे वाक्य भलतंच आवडलं होतं.) नाखवा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "कांबळीला काढला तवा कुनी थांबला का?"

कांबळीचं नाव आमच्याकडे अजूनही जरा हळू आवाजात घेतात. १९९३ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, पुढच्याच टेस्टला दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७, मग श्रीलंकेत १२५ आणि १२०. मग वेस्ट इंडीजची टीम आली, आखूड बॉल आले, धावा आटल्या. नोव्हेंबर १९९५ मध्ये शेवटची टेस्ट. १७ टेस्ट, १०८४ धावा, सरासरी ५४.२०, आणि वय तेवीस. वनडेत तो पुढे २००० पर्यंत येत-जात राहिला, पण टेस्टचा दरवाजा परत उघडलाच नाही. त्याच्या वागण्याबद्दल लोक पुष्कळ बोलतात, बोलू देत. पण चोपन्नची सरासरी असलेल्या माणसाला तेविसाव्या वर्षी 'संपला' म्हणणारे आपणच, आणि तिशीच्या आसपास सरासरी असलेल्याला ऐंशीच्या आसपास वनडे देणारेही आपणच. नाखवांचं म्हणणं एवढंच होतं की हा जो विश्वास-विश्वास म्हणता, तो काही कायदा नाही. कुणाच्या नशिबी येतो, कुणाच्या येत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करतो, तेव्हा ओटीवर कुणालाच सांगितली नव्हती. त्या जुलैमध्ये माझी नोकरी जायच्या बेतात होती. एका कंपनीत (नाव जाऊ दे) लागून वर्ष झालं होतं, दोन प्रोजेक्टमधून परत पाठवला गेलो होतो आणि 'सुधारणेसाठी तीन महिने' असं लिहिलेलं पत्र माझ्या बॅगेत होतं. माझ्याबरोबर माझ्याच बॅचचा एक मित्र होता, त्यालाही तेच पत्र. आणि मी तिथे बसून रोहितला काढा म्हणून ओरडत होतो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. स्वतःला जे ऐकायची भीती वाटते ते दुसऱ्याला आधी ऐकवलं की बरं वाटत असावं.

आता मुख्य मुद्दा. होडीपाशी जे हुकमाचं पान पडलं त्यात एक मोठी चूक आहे. रोहितवर विश्वास ठेवला आणि तो चालला, असं झालंच नाही. विश्वास ठेवून पाच वर्षं झाली होती आणि तो चालला नव्हता! जानेवारी २०१३ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत पहिल्या तीन मॅचेस तो बाहेरच बसला. २३ जानेवारीला मोहालीत धोनीने त्याला परत आणला तो चौथ्या-पाचव्या नंबरवर नाही, थेट सलामीला. ८३ धावा. विश्वास तोच होता, बदलली ती जागा. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तोच, चुकीच्या सर्व्हरवर चालत होता.

बरं, सलामीचा प्रयोग नवा होता असंही नाही. २०११ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत करून झाला होता आणि सपशेल फसला होता. मग दोन वर्षांत काय बदललं? थोडे नियम बदलले. ऑक्टोबर २०११ पासून वनडेत दोन्ही टोकांकडून वेगवेगळा नवा बॉल, म्हणजे बॉल जास्त वेळ टणक राहणार. ऑक्टोबर २०१२ पासून सर्कलच्या बाहेर पाचऐवजी चारच फिल्डर. रोहितला पहिले तीस-चाळीस बॉल सावकाश लागतात आणि नंतर तो थांबत नाही. पाचव्या नंबरला ते तीस बॉल म्हणजे गुन्हा असतो, सलामीला तीच गुंतवणूक. हे आता दिसतं. तेव्हा ओटीवर आम्ही आठ माणसं तीन तास भांडलो आणि 'ठेवा' की 'काढा' यापलीकडे एकाच्याही डोक्यात तिसरा शब्द आला नाही.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. जून २०१३ ला कार्डिफमध्ये धवनबरोबर पहिल्याच मॅचला १२७ ची सलामी आणि चॅम्पियन्स ट्रॉफी. २ नोव्हेंबरला बंगलोरला २०९, त्यात १६ सिक्स. चार दिवसांनी, १०८ वनडे खेळून झाल्यावर, अखेर टेस्ट पदार्पण: ईडनवर १७७, लगेच वानखेडेवर नाबाद १११. वनडेत तिसाच्या वर शतकं झाली. त्यातली बुलावायोची पहिली दोन सोडली तर बाकीची सलामीची.

मोहालीत त्याच्यासाठी जागा कुणी सोडली? अजिंक्य रहाणेने. आमच्याच बाजूचा, डोंबिवलीचा. तीन मॅचेस सलामीला खेळून तो बाहेर. मार्चमध्ये दिल्लीला टेस्ट पदार्पणात ७ आणि १, लगेच लोक त्याच्याही मागे. त्याने डिसेंबरमध्ये डर्बनला नाबाद ५१ आणि ९६ करून स्वतःची जागा मिळवली. तो वाचला.

तिवारी वाचला नाही. सात महिन्यांनी त्याच श्रीलंका दौऱ्यात त्याला घेतलं, तर आधी चार विकेट्स काढल्या आणि शेवटच्या मॅचला ६५ केल्या. त्या मॅचला रोहितच्या ४. तरी पुढे कधी दुखापत, कधी जागाच नाही. जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेला शेवटची वनडे. सगळ्या मिळून बारा. २०२१ मध्ये तो पश्चिम बंगालमध्ये क्रीडा राज्यमंत्री झाला. रोहितला काढा म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांचं पुढे जे हसं झालं, त्यात तिवारीचा मुद्दाही आपोआप खोटा ठरला. खरं तर तो खोटा नव्हता.

मला ते तीन महिने पुरले, एका वेगळ्या टीममध्ये टाकलं गेलो. माझ्या मित्राला तिसरी टीम मिळाली नाही, ऑक्टोबरात तो गेला. कॉलेजात तो माझ्यापेक्षा चांगला कोड लिहायचा, हे आमच्या दोघांनाही माहीत होतं. नंतर भेटी होत राहिल्या, मग कमी झाल्या.

परवा होडीपाशी मीटिंग मोडल्यावर पोरगा टीममध्येच राहिला. कितव्या नंबरला खेळवता त्याला, असं मी कॅप्टनला विचारलं. "चौथ्या," तो म्हणाला, आणि आता पुण्यावरून येऊन हा शिकवणार, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसलो. येताना नाखवांकडे गेलो. आता ऐंशीच्या घरात आहेत, ओटीवरच बसलेले असतात. म्हटलं, "नाखवा, बारा साली आपण रोहितवरून भांडलो होतो, आठवतं?" म्हणाले, "व्हय तर! तू काढा काढा करत होतास." आणि हसले. मी विचारलं, "मी तेव्हा कुणाला घ्या म्हणत होतो?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. "रहाणे का रं?"